आकडा हलतोय, काय करू? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात डिजिटल थर्मामीटरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून इनबॉक्स भरून वाहतोय. व्हर्नियर (जाडी मोजायचं दोन जबड्यांचं हत्यार), मल्टिमीटर, बीपीचं मशीन, लाइटचा मीटर, एकाने तर गच्चीवरच्या पावसाचा हिशोब पाठवलाय अख्खा. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातले सात प्रश्न घेतलेत. नावं कोणाचीच छापत नाही, फक्त कुठून आलं तेवढं लिहितो. मी आयुष्यभर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजायची यंत्रं तपासून बरोबर बसवायच्या धंद्यात होतो त्यामुळे उत्तरात कधी कधी कारकुनी खवटपणा येतो, तेवढा सांभाळून घ्या.

साकीनाक्याहून एक गाळेवाले लिहितात: दोन लेथ आणि एक सीएनसी (कंप्युटरवर चालणारं मशीन) आहे. आमच्या डिजिटल व्हर्नियरवर शाफ्ट २५.०० भरतो, माल घेणाऱ्या पार्टीकडे तोच जॉब (बनवलेला नग) २५.०३ येतो आणि लॉट परत. व्हर्नियर नवा आहे, ०.०१ पर्यंत दाखवतो, मग चूक कोणाची? शिवाय आता पार्टी म्हणते रीडिंग हाताने लिहिलेली नकोत, एक्सेलमध्ये थेट पाहिजेत. ती यूएसबीवाली वायर घेऊ का?

दादा, ड्रॉइंगवर टॉलरन्स (माप इकडे-तिकडे व्हायची सूट) किती ते तुम्ही लिहिलंच नाही, पण २५.०३ ला माल परत येतोय म्हणजे ±०.०२ असणार असं धरून चालतो. आता व्हर्नियरच्या डब्यातलं ते घडी घातलेलं पान काढा, जे आपण सगळे पहिल्याच दिवशी फेकतो. त्यात रेझोल्यूशन (किती बारीक आकडा दिसतो) ०.०१ आणि त्याच्या खाली अॅक्युरसी ±०.०२ असं लिहिलेलं सापडेल, १५० मिलीमीटरच्या (पुढे नुसतं मिली म्हणतो) बहुतेक चांगल्या व्हर्नियरला तेवढीच असते. म्हणजे स्क्रीनवर २५.०० आहे तेव्हा खरा शाफ्ट २४.९८ ते २५.०२ मध्ये कुठेही असू शकतो, आणि हे व्हर्नियर धडधाकट असताना. तुमचा सगळा टॉलरन्स मोजणाऱ्यानेच खाल्ला. आमच्या धंद्यात जुना नियम आहे की जॉबला जेवढी सूट आहे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच हत्यार चुकलं पाहिजे, अगदीच नाही जमलं तर चौथ्या. ±०.०२ च्या शाफ्टला मायक्रोमीटरच (स्क्रूवर चालणारं, जास्त बारीक मोजणारं हत्यार) लागतो, डिजिटल घ्या किंवा साधा घ्या, नागदेवी स्ट्रीटला दोन्ही मिळतात.

पण तरी तुमचा फरक एका बाजूलाच का जातोय, नेहमी तुमचा कमी आणि त्यांचा जास्त? इथे मला संशय येतो. काही जण म्हणतील जॉब गरम असताना मोजला असेल. नाही. स्टील मीटरला दर डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीचा हजारावा भाग) वाढतं, मशीनवरून उतरलेला गरम शाफ्ट तुमच्याकडे मोठा भरला असता आणि पार्टीच्या एसी रूममध्ये २० डिग्रीला गार होऊन लहान. तुमचं उलटं आहे, तेव्हा उन्हावर ढकलू नका. माझा अंदाज दोन गोष्टींवर आहे. एक, जॉब जॉच्या (जबड्याच्या) टोकाला पकडून अंगठ्याने दाबणं. व्हर्नियरची स्केल एका रेषेत आणि जॉब दुसऱ्या रेषेत, त्यामुळे दाबलं की सरकणारा जॉ किंचित तिरका होतो आणि आकडा कमी दाखवतो. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत असतात म्हणून तो ह्या भानगडीत कमी सापडतो, वर रॅचेट (ठरावीक दाबाला सटकणारी खटकी) असतो तो वेगळाच. दोन, झिरोचं बटण. एका गाळ्यात (कुठला ते विचारू नका) ऑपरेटर दर सकाळी जॉ बंद करून झिरो दाबायचा, अगदी इमानाने, फक्त जॉ पुसायचा नाही. आत तीन शतांशाचा कण अडकलेला, त्याच्यावर झिरो झालं की दिवसभर प्रत्येक जॉब ०.०३ ने बारीक. तुमचा फरक नेमका तेवढाच आहे हे बघून मला ते दिवस आठवले! जॉ कागदाने पुसा, बंद करून ट्यूबलाइटसमोर धरा, फटीतून उजेड दिसला तर झिरो दाबू नका. आणि ओळखीच्या कुणाकडून २५ मिलीचा स्लिप गेज (नेमक्या मापाचा ठोकळा) मागून एकदा मोजून बघा, पाच मिनिटांत निकाल लागेल.

कूलंट (जॉब गार ठेवायला मशीनवर सोडतात ते पाणी) लागलेल्या हाताने स्केल पकडली तर आकडा वेड्यासारखा उड्या मारतो, कारण आतली स्केल कॅपॅसिटिव्ह असते, ओलावा तिला सहन होत नाही, पावसाळ्यात तर रोजचं दुखणं. सेलही बघा. एलआर ४४ स्वस्त असतो पण त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो. एसआर ४४ सिल्व्हर ऑक्साइडचा, तो शेवटपर्यंत तग धरतो. थोडे पैसे वाचवायला जाऊन लॉट परत घेऊ नका.

आता वायर. घ्या, पण आत काय चालतं ते कळलं तर बरं. मिटुटोयो कंपनीच्या डिजिमॅटिक (आकडे वायरने पाठवायच्या) पद्धतीत व्हर्नियर प्रत्येक रीडिंगला तेरा अंकांची एक चिठ्ठी पाठवतो. पहिले चार अंक नुसते हजेरीचे, सगळे एफ. पाचवा अंक चिन्ह, ० म्हणजे अधिक आणि ८ म्हणजे उणे. मग सहा अंक मापाचे, बारावा दशांश चिन्ह कुठे ते सांगतो, आणि तेरावा युनिट, ० म्हणजे मिली आणि १ म्हणजे इंच. म्हणजे २५.०४ मिली असेल तर मापाचे सहा अंक ००२५०४, बाराव्या जागी २, तेराव्या जागी ०. तोच जॉब, पण ऑपरेटरचा अंगठा चुकून इंचाच्या बटणावर पडला की ००९८६०, पुढे ४ आणि १. चिठ्ठीत युनिट लिहिलेलं असतं हो, पण यूएसबीवाली साधी वायर कीबोर्डसारखी वागते, फक्त आकडा टाइप करते आणि एंटर मारते, युनिट गाळते. एक्सेलमध्ये २५.०४ च्या खाली ०.९८६ येऊन बसतं आणि सरासरीचा बट्ट्याबोळ. त्यामुळे एक्सेलमध्येच अट टाका की २४ ते २६ च्या बाहेरचा आकडा लाल झाला पाहिजे.

अजून एक, वायर कीबोर्डसारखी आहे म्हणजे ज्या भाषेचा कीबोर्ड चालू त्या भाषेतच टाइप होणार. कंप्युटरवर मराठी कीबोर्ड चालू राहिला तर दशांशाच्या टिंबाच्या जागी भलतंच काहीतरी उमटू शकतं, आकडे पाठवायच्या आधी इंग्लिशवर आणा. आणि सेलचा फॉरमॅट दोन दशांशावर लावून ठेवा, नाहीतर २५.४० चं २५.४ होतं आणि पार्टीचा क्वालिटीवाला विचारतो की एवढंच मोजलंत का.

मुलुंडहून एक ताई: लाइटच्या मीटरवर आकडे सतत बदलत असतात. वॉचमनने फोटो काढून पाठवला त्यात ०.९६ होतं, दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ३.२. बिलात मात्र साडेआठ हजारांच्या पुढचा आकडा. मीटर बिघडलाय का? आणि आमच्या घरात रात्री सगळं बंद करूनही काहीतरी चालू आहे असं ह्यांना वाटतं, ते कसं शोधायचं?

ताई, मीटर बिचारा ठीक आहे, फोटो वेगवेगळ्या पानांचे आहेत. नव्या मीटरची स्क्रीन आपोआप पानं उलटते, तारीख, वेळ, युनिट, व्होल्टेज, करंट, वगैरे. ०.९६ हा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरंच कामाला लागली त्याचं गुणोत्तर), त्याला युनिटच नसतं आणि तो एकाच्या वर जात नाही. ३.२ च्या बाजूला बारीक अक्षरात केडब्ल्यू असणार, तो बहुतेक मॅक्सिमम डिमांड, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात भारी अर्ध्या तासाची सरासरी (गीझर, इस्त्री आणि एसी एकदम चालू होते तेव्हाची). बिलाचा आकडा तो ज्याच्यापुढे केडब्ल्यूएच, म्हणजे युनिट, लिहिलंय. वॉचमनला सांगा आकड्यापेक्षा बाजूचं अक्षर फोटोत आलं पाहिजे. आणि मागच्या महिन्याचा आकडा वजा करायला विसरू नका, मीटर जन्मापासूनचा हिशोब दाखवतो, महिन्याचा नाही.

रात्रीचं शोधायला मात्र स्क्रीन कामाची नाही, तो लुकलुकणारा लाल दिवा बघा. मीटरवर कुठेतरी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं असेल (तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर तो घ्या), म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि दहा लुकलुक मोजा. पहिली लुकलुक दिसली की घड्याळ चालू आणि शून्य म्हणायचं, एक नाही, इथेच सगळे चुकतात. समजा ४५ सेकंद लागले. दहा लुकलुक म्हणजे एका युनिटचा तीनशेविसावा भाग, तेवढी वीज ४५ सेकंदात, तर हिशोब बसतो २५० वॅट. सगळं बंद असताना २५० वॅट हे जास्तच झालं. मग एकेक एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) पाडत जा आणि परत मोजा. फ्रिज त्या वेळी नेमका चालू होता की नाही ते आधी बघा नाहीतर घरात विनाकारण भांडण होईल. दिवा दोन-दोन मिनिटांनी एकदा लुकलुकत असेल तर सेटटॉप बॉक्स, वायफाय असलं काहीतरी किरकोळ, ह्यांना झोपायला सांगा.

माटुंग्याहून डिप्लोमाचा एक विद्यार्थी: सर लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर घेतला. बाईकची बॅटरी २० च्या रेंजवर १२.६०, २०० वर १२.५ आणि १००० वर १३. खरं कुठलं? आणि पंख्याचा स्विच बंद असताना पंख्याच्या वायरवर ६४ व्होल्ट दाखवतो, टेस्टर पण मंद लागतो. दुकानदार म्हणतो मीटर बरोबर आहे. परत करू का?

अरे परत कसला करतोस, तिन्ही आकडे खरे आहेत. तुझा मीटर साडेतीन डिजिटचा, म्हणजे १९९९ च्या पुढे मोजत नाही. २० च्या रेंजवर शेवटचा अंक शतांशाचा, २०० वर दशांशाचा, १००० वर पूर्ण व्होल्टचा. आता मीटरच्या पानावर अॅक्युरसी बघ, समजा ±(०.५% + २ डिजिट) असं लिहिलंय. लोक टक्के वाचतात आणि ते "२ डिजिट" गिळतात, खरी मेख तिथे आहे. १२.६० चे अर्धा टक्का ०.०६, ते तिन्ही रेंजला सारखेच. पण २ डिजिट म्हणजे २० च्या रेंजवर ०.०२, २०० वर ०.२, आणि १००० वर सरळ २ व्होल्ट! म्हणजे पहिल्या ठिकाणी १२.५२ ते १२.६८, आणि शेवटच्या ठिकाणी ११ पासून १५ पर्यंत काहीही. निवांत पडलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ला भरलेली आणि १२.२ ला साधारण अर्धी, म्हणजे ह्या ०.४ च्या फरकासाठीच तू मीटर लावलास ना? मग आकडा मावेल अशी सगळ्यात लहान रेंज, दुसरं काही नाही.

६४ व्होल्टचं वेगळं आहे. पंख्याची वायर त्याच पाइपातून दुसऱ्या चालू वायरींच्या अंगाला अंग लावून जाते, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसल्यासारखी. शेजारचीचा थोडा प्रभाव हवेतून, इन्सुलेशनमधून हिच्यावर पडतो, कॅपॅसिटिव्ह कपलिंग म्हणतात ते. तुझ्या मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या घरातला, तो एवढासा करंट पण दाबून टाकत नाही म्हणून ६४ दिसतात. त्याला घोस्ट व्होल्टेज म्हणतात. तिथेच साधा बल्बचा टेस्टलॅम्प लावला तर तो लागणार नाही आणि मीटर शून्याजवळ पडेल, महागड्या मीटरमध्ये ह्याच कामासाठी लो झेडची (कमी रेझिस्टन्सची) वेगळी जागा असते. पण, आणि हे नीट ऐक, भूत आहे की खरा फेज ते टेस्टलॅम्पने ठरेपर्यंत वायर जिवंतच समजायची. स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेली घरं मी मुंबईत खूप बघितलीत, तिथे स्विच बंद असला तरी पंख्यापर्यंत खरा फेज उभा असतो. मेनच्या बोर्डावर काम करायचं तर मीटरवर कॅट थ्री (मीटरचा सुरक्षिततेचा दर्जा) लिहिलंय का बघ, नसेल तर तो मीटर बॅटरी आणि सर्किटपुरताच ठेव.

डेटा निघणारा मीटर पुढे कधी घेतलास तर ओएल लक्षात ठेव. रेंजच्या बाहेर गेलं किंवा सर्किट तुटलेलं असलं की मीटर ओएल लिहितो, शून्य नाही. फाइलमध्ये ती अक्षरं येतात, एक्सेल सरासरी काढताना त्यांना गुपचूप वगळतं आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. ओएल किती वेळा आलं ते आधी मोजायचं.

कांदिवलीहून: टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर नळाचं पाणी ६८ येतं. सेल्समन म्हणतो आरओ लावाच. लावू?

६८ वर कशाला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंत चालतं. आपलं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं, पावसाचं साठवलेलं, त्यात क्षार कमीच असतात. आणि तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच बघतो आणि एका ठरलेल्या आकड्याने गुणतो, जंतू त्याला दिसत नाहीत. टाकी धुतलेली नसेल तरी तो ६८ च सांगेल. पावसाळ्यात पाणी उकळा, टाकी धुवा.

गिरगावहून एक काकू (टाइप नातवाने केलंय असं लिहिलंय): बीपीचं मशीन लागोपाठ तीनदा लावलं तर १४८/९२, मग १३९/८६, मग १३४/८४. मोबाइलमधल्या अॅपमध्ये पहिलं लाल येतं, शेवटचं नाही. कोणतं डॉक्टरांना दाखवू? सोसायटीतले म्हणतात डिजिटल मशीन भरवशाचं नसतं.

काकू, औषधाचं मी काही बोलणार नाही, ते डॉक्टरच, मी फक्त आकड्यांचं सांगतो. पहिलं रीडिंग जास्त येणं अगदी नेहमीचं आहे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जिना चढून आलात आणि पर्स ठेवून कफ बांधलात तर मशीन जिन्याचं बीपी सांगणार. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि त्या वेळात नातवाशी बोलायचं पण नाही. मग एकेका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिल्या दिवसाची बाजूला ठेवायची आणि बाकीच्यांची सरासरी, डॉक्टरांना तो कागद दाखवा. एक लाल आणि एक हिरवा असा वाद घालत बसू नका.

मशीन भरवशाचं नाही असं सरसकट नसतं. ते डॉक्टरांसारखं आवाज ऐकत नाही, कफ सैल होताना हवेत जी थरथर होते ती मोजतं, सगळ्यात मोठी थरथर कुठे झाली ते धरतं आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या हिशोबाने काढतं. डब्यावर ±३ छापलेलं असतं ते फक्त हवेच्या दाबाचं, तुमच्या बीपीचं नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. नाडी अनियमित असेल तर हा हिशोब गडबडतो, स्क्रीनवर ठोक्याचं वेगळं चिन्ह सारखं येत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. कफ दंडाच्या मापाचा हवा. लहान कफ जाड दंडावर बांधला की आकडा फुगतो.

नातवासाठी एक काम. सेल बदलले की बऱ्याच मशीनचं घड्याळ परत पहिल्या दिवसावर जातं. मग अॅपमध्ये सकाळची रीडिंग रात्रीच्या खात्यात पडतात आणि गोळी रात्री काम करत नाही असा निष्कर्ष निघतो. सेल टाकले की तारीख-वेळ लावायची. आणि आजोबांनी गंमत म्हणून स्वतःचं मोजलेलं आजीच्या मेमरीतून काढून टाकायचं.

लालबागहून मसाल्याचे दुकानदार: केशर-वेलचीसाठी तीन किलोचा, ०.१ ग्रॅमचा काटा दिल्लीच्या सप्लायरकडून मागवला. एक किलोचं छापाचं वजन ठेवलं की ९९९.४ दाखवतो. सप्लायर म्हणतो आमच्याकडे बरोबर १००० होतं, व्हिडिओ पण पाठवला त्याने. आणि कंप्युटरला जोडलाय तर बिलात कधी कधी भलतंच वजन पडतं, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि लाज जाते.

शेठ, सप्लायर खरं बोलतोय आणि तुमचा काटाही खरं बोलतोय! आतला लोडसेल (भार ओळखणारा भाग) वस्तुमान मोजत नाही, वस्तू किती जोराने खाली ओढली जाते ते मोजतो. पृथ्वीची ओढ विषुववृत्ताकडे कमी होत जाते, दिल्लीत साधारण ९.७९१ आणि मुंबईत ९.७८६. फरक ०.०५ टक्क्याच्या थोडा वर, म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅम आणि वर थोडं. दिल्लीत १००० ला बसवलेला काटा लालबागला ९९९.४ दाखवणार, हे पुस्तकात लिहिल्यासारखं आलंय. मिरचीच्या गोणीला कोण विचारतो, पण केशराच्या भावात हे झोंबतं, आणि इथे नुकसान तुमचं, कारण काटा कमी दाखवतो म्हणून तुम्ही जास्त टाकता. तुमच्या जागेवर, तुमच्या टेबलावर कॅलिब्रेट करून घ्या. मात्र स्वतः उघडू नका. विक्रीसाठी वापरायचा काटा आहे, वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करायची असते. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, सील तुटलं की परत शिक्का.

बिलाचं कारण मला जवळपास नक्की माहितीये. बरेच काटे कंप्युटरला सेकंदाला कितीतरी ओळी पाठवतात आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. एसटी म्हणजे स्टेबल, महामंडळाची नाही, आणि यूएस म्हणजे अनस्टेबल, काटा अजून डुलतोय. वजन जास्त झालं तर ओएल. तुमच्या बिलिंगवाल्याने ही अक्षरं कापून फक्त आकडा उचललेला असणार, त्यामुळे तुम्ही वेलची ओतत असताना मधलाच आकडा बिलात जातो. त्याला सांगा, ओळ एसटीने सुरू झाली तरच घे. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. आणि वरचा पंखा बंद करा, ०.१ ग्रॅमच्या काट्याला पंख्याची हवा म्हणजे वादळ. आकड्यांच्या जागी चौकोन-चिन्हं येत असतील तर तो वेगळा प्रकार, काट्याचा आणि कंप्युटरचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) जुळत नाही, एका ठिकाणी २४०० आणि दुसरीकडे ९६०० असं काहीतरी असेल, सारखा करा.

गोरेगावहून, एका सोसायटीचे सेक्रेटरी: गच्चीवर वायफायवालं हवामान यंत्र बसवलंय, पर्जन्यमापकासकट, त्याचं तोंड २० सेंटीमीटर. रोजची फाइल कंप्युटरवर उतरते. पण आमचा पाऊस आणि पेपरातला सांताक्रूझचा पाऊस कधीच जुळत नाही. शिवाय एक्सेलमध्ये जुलैचे काही दिवस मार्च-एप्रिलमध्ये दिसतात आणि बारा तारखेनंतरचे दिवस आलेखातून गायबच. यंत्र फसवं आहे असं कमिटीत चाललंय, पैसे मीच मंजूर केले होते.

सेक्रेटरीसाहेब, तुमची गच्ची आणि सांताक्रूझ जुळलंच पाहिजे हे कोणी ठरवलं? २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. दोन्ही हवामान खात्याचीच केंद्रं, दोन्ही बरोबर. हे कमिटीला सांगा, निम्मे लोक तिथेच गप्प होतील, बाकीचे त्या दिवशी आपण कुठे अडकलो होतो ते सांगायला लागतील.

आता खरी गडबड. पेपरातला पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो, तुमचं यंत्र बहुतेक मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतंय. रात्री दोनला कोसळला तर कुठल्या दिवसाचा? त्यातच अशी यंत्रं कधी कधी फाइलमध्ये ग्रीनिचची वेळ लिहितात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तपासायला सोपं आहे, दुपारी ठीक बाराला त्यात पेलाभर पाणी ओता आणि फाइलमध्ये कधी पाऊस पडला ते बघा. सकाळी साडेसहाला पडला असेल तर वेळ ग्रीनिचची. तसं असेल तर उलट सोयीचं, आपले साडेआठ म्हणजे तिथले बरोबर तीन, तीन ते तीन बेरीज करा.

तारखांचं कारण म्हणजे तुमच्या कंप्युटरवर अमेरिकन पद्धत लावलेली आहे, महिना आधी. यंत्राने ०३/०७ लिहिलं, एक्सेलने ७ मार्च वाचलं. १३/०७ आला की तेरावा महिना नसतो म्हणून ते त्याला तारीखच मानत नाही, नुसती अक्षरं समजून सोडून देतं, आलेखातून गायब. कॉलमकडे नीट बघा, काही तारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या असतील आणि काही उजव्या. डावीकडच्या म्हणजे अक्षरं. बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका, कारण उजवीकडच्या तारखा दिसायला शहाण्या आणि आतून उलट्या आहेत. मूळ फाइल डबल क्लिक न करता एक्सेलच्या डेटा मेनूतून आत घ्या आणि तिथे दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगा. मूळ फाइलवर कधीच सेव्ह करायचं नाही, कॉपीवर काम.

आणि शेवटी पर्जन्यमापक स्वतः. आत एक छोटं तराजूसारखं भांडं असतं, ठरावीक पाणी भरलं की एका बाजूला पालथं होतं, दर पालथं होण्याला समजा ०.२ मिलिमीटर. मुसळधार पावसात ते पालथं होईपर्यंतच वरचं पाणी वाया जातं, त्यामुळे जोराच्या सरीत असली यंत्रं जरा कमीच मोजतात. तोंड २० सेंटीमीटर म्हणताय, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर. कोरड्या दिवशी मापाने ३१४ मिलिलिटर पाणी घ्या आणि अगदी सावकाश, दहा-पंधरा मिनिटं लावून ओता. बरोबर १० मिलिमीटर पाऊस दिसला पाहिजे, म्हणजे पन्नास वेळा टक टक. अठ्ठेचाळीस ते बावन्न आल्या तर यंत्र चांगलं आहे, कमिटीला दाखवा. तीसच आल्या तर जाळी काढून आत हात घाला, गोरेगावच्या गच्चीवर कबुतरांनी तोंड बुजवलेलं असणार. हातमोजे घाला पण.